आजाऱ्याची नोंद, आणि तिच्या बदल्यात काय?

साथ कुठे सुरू झाली आणि किती पसरली हे कळायचे तर कोणीतरी आजाऱ्यांची मोजदाद ठेवावीच लागते. लंडनमध्ये सतराव्या शतकात मृत्यूंचे साप्ताहिक तक्ते छापले जात. १६६२ मध्ये जॉन ग्रॉन्ट यांनी त्यांच्या आधारे, लोक कशाकशाने मरतात याचा पहिला पद्धतशीर अभ्यास मांडला. पण ती मेलेल्यांची मोजणी होती. खरा वाद पेटला तो जिवंत माणसाच्या नावाची नोंद होऊ लागली तेव्हा.

न्यूयॉर्क शहराने १८९७ मध्ये क्षयरुग्णांची नावे आरोग्य खात्याला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. डॉक्टर खवळले. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले सरकारला सांगायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. क्षय झाल्याचे कळले की नोकरी जाई, शेजारीपाजारी तोंड फिरवत. या मोहिमेमागचे डॉ. हर्मन बिग्ज यांनी माघार घेतली नाही, पण दोन गोष्टी मात्र देऊ केल्या: नोंदवही गुप्त राहील आणि थुंकीची तपासणी शहराच्या प्रयोगशाळेत मोफत होईल. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. लोकांकडून माहिती घ्यायची तर त्यांच्या पदरात काहीतरी पडले पाहिजे, हे तेव्हाच कोणालातरी उमगले होते.

पुढे नेमका याचाच विसर पडला. अमेरिकेत टस्कगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर नजर ठेवली. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार होता. तो बरा करणारे पेनिसिलिन हाताशी आल्यावरही त्यांना ते दिले नाही, आजार काय आहे हेही धड सांगितले नाही. हे उघडकीस आल्यावर संशोधनासाठी संमतीचे कडक नियम झाले. रोगसर्वेक्षणाला, म्हणजे आजाऱ्यांच्या अशा मोजदादीला, मात्र ते सहसा लागू झाले नाहीत. त्याला कारणही आहे. प्रत्येकाची परवानगी घेत बसले तर नाही म्हणणारे गळतात आणि साथीचे चित्रच चुकते. प्रश्न असा की संमती नको म्हटल्यावर त्या माणसाचे रक्षण कशाने करायचे?

एचआयव्हीच्या काळात हा प्रश्न अगदी टोकाला गेला. नवजात बाळांच्या टाचेतून थेंबभर रक्त कागदावर टिपून घेतात, जन्मजात विकार तपासण्यासाठी. १९८८ पासून अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत उरलेल्या डागांवरची नावे काढून टाकून त्यांची एचआयव्हीसाठी चाचणी होऊ लागली. आईची प्रतिपिंडे (संसर्गाशी लढायला शरीर बनवते ती द्रव्ये) बाळात उतरतात, त्यामुळे चाचणी बाळाच्या रक्ताची असली तरी निदान आईच्या संसर्गाचे होई. नाव नसल्याने कोणाची बदनामी नाही, आणि बाळाची लागण रोखणारे औषधही नसल्याने सांगून उपयोग तरी काय, असा हिशेब होता. १९९४ मध्ये तो कोलमडला. गरोदरपणी झिडोव्हुडीन हे एचआयव्हीवरचे औषध दिल्यास बाळाला होणारी लागण सुमारे दोन तृतीयांशाने घटते, हे सिद्ध झाले. आता प्रत्येक निनावी डागामागे अशी एक आई होती, जिला तिच्या संसर्गाची खबर दिली तर तिच्यावर आणि बाळावर वेळीच उपचार होऊ शकले असते. नाव पुसून टाकणे हेच आता अपायाचे ठरत होते. १९९५ मध्ये हे सर्वेक्षण थांबवले गेले. माझ्या मते या विषयाच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण नाही: गुप्तता चोख पाळूनही माणसावर अन्याय होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगसर्वेक्षणाबाबतची १७ नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली ती थेट २०१७ मध्ये. त्यांत देशांवर आधी कर्तव्य टाकले आहे: सर्वेक्षण उभारा. ज्यांचे आजार कोणी मोजतच नाही, त्यांच्यासाठी औषध आणि पैसाही पोहोचत नाही, म्हणून न मोजणे हाही दोष. माहितीचे नीट रक्षण होत असेल तर ती देणे हे नागरिकाचेही कर्तव्य मानले आहे. मात्र ओळख पटेल अशी माहिती, माणसावर कारवाई करू शकणाऱ्या यंत्रणांच्या हाती जाऊ नये, असेही त्यांत बजावले आहे.

ही तत्त्वे पुरती रुजायच्या आत कोविड आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉन या कोविड विषाणूच्या नव्या प्रकाराची माहिती तातडीने जगाला दिली, आणि बदल्यात तिच्या वाट्याला प्रवासबंदी आली. सिंगापूरमध्ये रुग्णाच्या संपर्कात कोण आले हे शोधणारे ‘ट्रेसटुगेदर’ अ‍ॅप लोकांनी घेतले ते माहिती फक्त साथीसाठीच वापरली जाईल या सरकारी आश्वासनावर. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितले, की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांनाही ती मिळू शकते. लोक संतापले. महिन्याभरात कायदा झाला आणि हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला गेला. पूर्ण बंद मात्र केला गेला नाही.