भात निवला कधी?

सांगलीत विश्रामबागला चायनीजच्या गाडीपुढे हमखास ऐकू येतं, ‘एवढ्या जाळावर परततात, जंतू कसले राहतायत!’ जंतूंपुरतं ते बरंचसं खरं आहे. तरी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या तपासणी तक्त्यात एक नीरस रकाना असतोच: शिजवलेलं अन्न साठवायचं असेल, तर ते 60 अंशांवरून 21 अंशांवर दोन तासांत आलं का? झुरळं, गटार, टोप्या यांची चर्चा होते, हा रकाना कुणी वाचत नाही.

फ्राइड राईस सुटा व्हावा म्हणून भात आधीच शिजवून ठेवतात. तांदळावर मातीतून आलेला बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याच्या पेशी उकळत्या पाण्यात मरतात, पण जाड कवचाचे बीजाणू तगतात आणि भात कोमट झाला की जागे होतात. भाताचा थर दुप्पट जाड केला, तर आतपर्यंत निवायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणजे मोठ्या पातेल्याचा मधला गोळा कितीतरी तास कोमटच. तोच भात परातीत पातळ पसरला तर काम होतं.

कोमट भातात वाढताना या जंतूचे काही वाण सेरूलाइड नावाचं विष बनवतात आणि खरी गंमत त्याच्या रचनेत आहे. चार घटकांचा तुकडा तीनदा जोडून, टोकाला टोक मिळवून झालेलं हे बारा घटकांचं कडं. मोकळं टोक नाही आणि घटकही नेहमीच्या प्रथिनांसारखे नाहीत, त्यामुळे पाचक रसांचं काही चालत नाही. 121 अंशांवर, म्हणजे प्रेशर कुकरच्या आतल्या तापमानालाही, ते तासभर टिकतं. कड्याच्या पोकळीत पोटॅशियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, नेमका बसतो. त्याला घेऊन ते मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, पडद्यातून आरपार जातं आणि पडद्यावरचा विद्युत दाब कोसळतो. शिवाय पोटातून मेंदूला निरोप नेणारी व्हेगस चेता चाळवते आणि अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं. तेवढ्यात घरी कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या असतील, तर श्रेय दृष्ट काढणाऱ्याला!

पुन्हा गरम करताना 75 अंश गाठा, असंही तक्ता सांगतो. इतर जंतूंसाठी ते हवंच, पण तयार झालेलं सेरूलाइड त्याने जात नाही. आणि अधिकारी येतो एकदा, तर निवण्याचा वेग कळायला तापमान दोनदा मोजावं लागतं. म्हणून भात उतरवल्याची वेळ आणि दोन तासांनंतरचं तापमान गाडीवाल्याने स्वतःच वहीत लिहायला हवं. तपासणीत ती वही मागितली, तरच त्या रकान्यातल्या टिकमार्कला काही अर्थ.