प्रयोगपेटी कोणाच्या ताब्यात? शालेय विज्ञानसंचांची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील मुलांच्या हाती विज्ञानाचा प्रयोगसंच आज तीन वाटांनी येतो: शाळेच्या कपाटातून, स्पर्धापरीक्षेच्या क्लासमधून किंवा घरी आलेल्या पार्सलमधून. तिन्ही पेट्यांतील वस्तूंत फारसा फरक नसतो. चुंबक, भिंग, तारा, लहान दिवे, परीक्षानळ्या, लिटमस कागद या गोष्टी बहुतेक सगळीकडे सापडतात. पेटी उघडण्याची मुभा कोणाला आहे आणि आतली वस्तू फुटली तर ती भरून कोणी द्यायची, या दोन बाबतींत मात्र त्यांच्यात मोठा फरक आहे. फुटणारे आणि संपणारे प्रयोगसाहित्य शाळेच्या मालमत्तेच्या नोंदीबाहेर ठेवावे आणि त्याच्या भरपाईसाठी वेगळी रक्कम द्यावी, या शिक्षकांच्या मागणीवरून आज सुरू असलेल्या चर्चेचे मूळ याच फरकात आहे, आणि त्याचा उगम मुख्यतः 1987 नंतरच्या निर्णयांत आढळतो.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील विज्ञान शिक्षकांसाठी 1948 मध्ये एक पुस्तिका निघाली. पत्र्याचे डबे, बाटल्या, तारा यांपासून प्रयोगसाहित्य बनवण्याची तिच्यातील कल्पना 1956 मध्ये विस्तृत ग्रंथाच्या रूपाने जगभर पोहोचली. भारतात 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाने विज्ञान आणि गणित हे विषय दहावीपर्यंत सर्वांना सक्तीचे असावेत असे सुचवले, 1968 च्या धोरणाने ते स्वीकारले आणि 1975 मध्ये महाराष्ट्रात नव्या (10+2+3) आकृतिबंधातील पहिली दहावीची परीक्षा झाली. सर्वांना विज्ञान शिकवायचे ठरले, पण सर्वांच्या हाताला पुरेल इतके साहित्य कोठून येणार, हा प्रश्न तसाच पुढे ढकलला गेला.

त्याचे सर्वांत धाडसी उत्तर महाराष्ट्राबाहेर मिळाले. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 उच्च प्राथमिक शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला आणि 1978 मध्ये तो जिल्ह्यातील सहावी ते आठवीच्या सर्व शाळांत गेला. मुले गटाने प्रयोग करीत आणि निष्कर्ष स्वतः मांडीत. परीक्षेला पुस्तक सोबत नेण्याची परवानगी असे आणि लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकही घेतले जाई. या कार्यक्रमाची चर्चा होते ती त्याच्या पुस्तकांमुळे, परंतु त्याचा खरा कणा होता तो संचाची नियमित भरपाई करण्याची व्यवस्था. प्रयोग करणाऱ्या मुलांकडून वस्तू फुटणार आणि संपणार, हे तेथे सुरुवातीपासून गृहीत धरलेले होते. राज्य सरकारने 2002 मध्ये हा कार्यक्रम बंद केला.

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत पेटी मोठ्या प्रमाणावर आली ती 1987 मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेतून. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य मिळावे, असे तिचे स्वरूप होते आणि त्या साहित्याच्या यादीत विज्ञान पेटीचा समावेश होता. त्या वेळी नवी मुंबई महापालिका अस्तित्वातच नव्हती. ती 1992 मध्ये कारभार पाहू लागली. घणसोली, तुर्भे, कोपरखैरणे या गावठाणांतील शाळा ठाणे जिल्हा परिषदेकडे होत्या आणि पालघर वेगळा व्हायला 2014 उजाडायचे असल्याने जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील शाळाही त्याच जिल्ह्यात होत्या. खाडीकाठच्या औद्योगिक पट्ट्यातील शाळेला आणि डोंगरातील एकशिक्षकी शाळेला एकाच यादीतील साहित्य मिळायचे होते.

या पेटीची नोंद कोठे करायची, याविषयीचा निर्णय वरकरणी किरकोळ वाटतो, तरी पुढच्या साऱ्या अडचणी त्यातूनच निर्माण झाल्या. पेटी जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ मालमत्तेच्या यादीत, चढली. टेबल, खुर्ची, घंटा आणि लोखंडी कपाट यांच्या शेजारी परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा लिहिला गेला. जडसंग्रहातील वस्तू शाळेची मालमत्ता ठरते. ती कमी भरली तर जबाबदारी मुख्याध्यापकाची असते, बदलीच्या वेळी ती मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यावी लागते आणि ती निकामी झाली तर रीतसर निर्लेखन (यादीतून वस्तू कमी करणे) मंजूर होईपर्यंत तिचे तुकडेही जपून ठेवावे लागतात. फुटलेल्या नळीचे पैसे स्वतःच्या पगारातून जातील ही भीती असताना शिक्षक ती तिसरीतल्या मुलाच्या हातात देईल, अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे होते. देशभरात अनेक शाळांत या पेट्या कुलपात राहिल्या, याचे कारण शिक्षकांच्या अनास्थेत शोधले गेले. नोंदवहीच्या रकान्यांकडे फार थोड्यांनी पाहिले.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. लेखापरीक्षण करणाऱ्यांचे म्हणणे असे की सार्वजनिक पैशातून घेतलेली प्रत्येक वस्तू मोजता आली पाहिजे, नाहीतर साहित्य पोहोचण्याआधीच नाहीसे होईल किंवा केवळ कागदावर खरेदी होईल. हा आक्षेप निराधार नव्हता. परंतु त्यावर उपाय म्हणून संचाचे दोन भाग पाडता आले असते: सूक्ष्मदर्शक, तराजू, चुंबक हे टिकाऊ साहित्य जडसंग्रहात आणि काच, रसायने, तारा, विजेऱ्या हे खडूप्रमाणे खर्ची पडणारे साहित्य सादिल, म्हणजे किरकोळ चालू, खर्चात. माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळांत असा भेद पूर्वीपासून केला जातो. प्राथमिक शाळेला प्रयोगशाळा नसते, म्हणून तिच्या पेटीला मात्र फर्निचरचा नियम लागला, आणि माझ्या मते मुलांनी स्वतः प्रयोग करण्याच्या चळवळीचे या एका गोष्टीने जितके नुकसान केले तितके पाठ्यपुस्तकांनी किंवा परीक्षांनीही केलेले नाही.

खरेदीचे केंद्रीकरण ही याच निर्णयाची दुसरी बाजू होती. शालेय प्रयोगसाहित्याच्या निर्मितीत हरियाणातील अंबाला शहर अग्रेसर आहे आणि एकगठ्ठा खरेदीत दूरच्या पुरवठादाराचा माल स्वस्त पडतो, हे खरे. पण ठाण्याच्या शिक्षकाला फुटलेली नळी मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर अल्प किमतीत मिळत असताना ती विकत घेण्याचा अधिकार त्याच्याकडे नसावा, हे समर्थनीय नव्हते.

दुरुस्तीचा प्रयत्न 2001 नंतर झाला. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये आणि शाळेला नादुरुस्त साहित्य बदलण्यासाठी वर्षाला 2000 रुपये देण्याची तरतूद होती. रक्कम तुटपुंजी होती, तरीही साहित्य झिजते आणि ते बदलण्याचा निर्णय शाळा घेऊ शकते, ही त्यामागील मान्यता मोलाची होती. पुठ्ठा, फुगे, नळ्या, सायकलच्या आऱ्या यांपासून उपकरणे बनवणाऱ्या शिक्षकांना या पैशाचा मोठा आधार झाला. पाठोपाठ 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाने ज्ञान स्वतः रचावे ही भूमिका घेतली आणि ‘करून पहा’ ही चौकट पाठ्यपुस्तकांत रुळली. मात्र राज्यात 2015 पासून गुणवत्तेचा जो मोठा कार्यक्रम राबवला गेला त्याचा भर वाचन, लेखन आणि मूलभूत गणितावर होता, त्यामुळे विज्ञानाची पेटी पुन्हा मागे राहिली.

शाळेतील ही पोकळी या परिसरात खाजगी वर्गांनी भरली. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळाने 1981 मध्ये सुरू केलेल्या बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाची फेरी द्यावी लागते. स्पर्धेचा हेतू उत्तम आहे आणि तिने अनेक मुलांना विज्ञानाकडे वळवले आहे. पण ज्या सहावीच्या मुलाला शाळेत चंचुपात्र (बीकर) हाताळायला मिळत नाही, त्याला प्रात्यक्षिकाच्या तयारीसाठी ठाणे, डोंबिवली, वाशी येथील क्लास गाठावा लागला आणि प्रयोग करण्याची संधी पालकांच्या फी भरण्याच्या ऐपतीशी जोडली गेली. घरगुती संचांची येथील बाजारपेठ प्रथम याच पालकांमध्ये तयार झाली असावी, असे मला वाटते. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्यावर तिला आणखी बळ मिळाले. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाल्याने खेळणी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांनाही सुरक्षिततेचे नियम लागू झाले.

दरम्यान 2016 मध्ये सहावी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्राची अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे स्वतः उपकरणे बनवून पाहण्याच्या प्रयोगशाळेची, योजना आली. निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपये, त्यांपैकी 10 लाख उभारणीला आणि 10 लाख पाच वर्षांच्या चालू खर्चाला, अशी तिची विभागणी आहे. चालू खर्च आरंभीच बाजूला काढण्याचा शहाणपणा 1987 मध्ये दाखवला असता तर बरे झाले असते. मात्र सपाट प्रदेशात सुमारे 1500 चौरस फूट जागेची अट होती, आणि नौपाडा किंवा कळव्यासारख्या दाट वस्तीत दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेला इतकी जागा रिकामी दाखवणे जवळपास अशक्य असते. ऐरोली-नेरूळकडील प्रशस्त इमारतींना ते तुलनेने सोपे जाते, त्यामुळे गरज आणि पात्रता यांची फारकत झाली.

2018 पासून शाळांना पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान मिळते. त्यातून किती रक्कम कशावर खर्च करायची, हे बव्हंशी शाळेने ठरवायचे असते. पण त्याच रकमेत वीजबिल, स्वच्छता आणि दुरुस्तीही भागवावी लागत असल्याने लिटमस कागदाचा क्रम शेवटी लागतो. राज्याने जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार नवा अभ्यासक्रम 2025-26 मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहे आणि सहावीचे वर्ग 2026-27 च्या टप्प्यात आहेत. त्या वर्गांसाठी साहित्याची यादी करताना खर्ची पडणाऱ्या वस्तू जडसंग्रहाबाहेर ठेवण्याचा आणि त्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र रक्कम देण्याचा स्पष्ट आदेश काढला जावा, ही शिक्षकांची मागणी त्यामुळे रास्त आहे.