खेकडा फाडून खाणारा साप

सापाला भक्ष्याचे तुकडे करता येत नाहीत. त्याचे दात बारीक, टोकदार आणि आत वळलेले असतात. ते घास धरून पुढे सरकवण्यापुरतेच. त्यामुळे जबडा जेवढा उघडेल तेवढंच भक्ष्य, हे बंधन बहुतेक सगळे साप पाळतात. खाडीच्या चिखलात राहणारा जेरार्डा मात्र त्यातून वाट काढतो.

जेरार्डा प्रजातीत जाती एकच, जेरार्डा प्रेव्होस्टियाना. जेमतेम हातभर लांब, करड्या-तपकिरी रंगाचा, लहान डोक्याचा हा पाणसाप भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून फिलिपिन्सपर्यंतच्या खारफुटीत आढळतो. नाकपुड्या मुस्कटाच्या वरच्या अंगाला असतात आणि पाण्याखाली झडपेने मिटतात. कुत्र्यासारख्या तोंडाचा सर्बेरस हा पाणसापही त्याच चिखलात असतो, त्यामुळे ओळखताना गफलत होते. सापावरचा चिखल निघाला की खवले पाहावेत: सर्बेरसचे खरखरीत, मधोमध कणा असलेले, जेरार्डाचे गुळगुळीत. विष सौम्य आणि विषदंत जबड्यात मागे. तरीही हातात धरू नये.

त्याची शिकार म्हणजे नुकतीच कात टाकलेला खेकडा. कडक कवचाच्या खेकड्याच्या वाटेला तो जात नाही. सिंगापूरमधल्या सापांवरचं ब्रूस जेन, हॅरोल्ड व्होरिस आणि पीटर एन्ग यांचं संशोधन 2002 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं, तेव्हा खाण्याची रीत उलगडली. साप खेकड्याला तोंडात धरतो, स्वतःच्या शरीराचा वेढा त्याभोवती घालतो आणि धरलेला खेकडा त्या वेढ्यातून ओढतो. वेढ्यात अडकलेलं मऊ अंग ताणानं फाटतं. मग सुटलेले तुकडे गिळायचे. अख्खा कधीच गिळता आला नसता असा खेकडा अशा रीतीनं पोटात जातो.

हे जमतं ते वेळ साधल्यामुळे. कात टाकल्यावर खेकड्याचं नवं कवच लवकरच घट्ट होऊ लागतं. एकदा ते घट्ट झालं, की ना दात रुततात, ना वेढ्याचा ताण पुरतो. शिवाय मऊ खेकडा स्वतःच बिळात दडून बसतो. सापाचं अंग सडपातळ, त्यामुळे तिथवर शिरणं त्याला जमतं.

खारफुटीतलाच फोर्डोनिया हा त्याचा नातेवाईक कडक कवचाचे खेकडे खातो. तो खेकड्याला आधी चिखलात दाबून धरतो, मग चावतो. मोठ्या खेकड्याचे पाय ओढून तोडतो आणि धड अख्खंच गिळतो. म्हणजे त्याला जबड्याची मर्यादा बरीचशी पाळावीच लागते.