लष्करी हद्दीजवळ जागा घेताय? अंतर कुठून मोजतात ते आधी पाहा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे नकाशे करून घ्यायला आणि बांधकाम परवानगीचे काम द्यायला येणारी बरीच मंडळी धानोरी, लोहगाव, दिघी, भोसरी, तळवडे, चिखली, किवळे या भागांतली असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मिलिटरीची भिंत आमच्या जागेपासून चांगली लांब आहे, मग अडचण काय?"

भिंत लांब असली की एका नियमातून सुटका होते, बाकीच्यांतून नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये एकाच सर्व्हे नंबरला दोन-तीन निराळे नियम लागू असू शकतात आणि प्रत्येकाचे अंतर निराळ्या ठिकाणापासून मोजतात. एकाचे भिंतीपासून, एकाचे दारूगोळ्याच्या कोठारापासून, एकाचे धावपट्टीपासून. उंचीचा नियम तर समुद्रसपाटीपासून मोजतो. जागा दाखवणारा एजंट "इथे काही प्रॉब्लेम नाही" असे सांगतो, तेव्हा तो यातल्या कोणत्या नियमाबद्दल बोलतो आहे, एवढे त्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही.

एक गैरसमज आधीच दूर करू. कॅन्टोन्मेंटची हद्द म्हणजे रेड झोन, म्हणजेच लष्करी कोठारासारख्या ठिकाणाभोवतीचा बांधकामावर बंधने असलेला पट्टा, नव्हे. खडकी, पुणे, देहूरोड या कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या हद्दीत परवानगी देणारी संस्था वेगळी, इतकाच त्या हद्दीचा अर्थ. रेड झोन महानगरपालिकेच्या हद्दीतही असतो आणि बहुतेक लोक तिथेच फसतात.

रेड झोन

याचे मूळ १९०३ सालच्या संरक्षण बांधकामविषयक कायद्यात आहे. तटबंदी, कोठार किंवा तत्सम लष्करी कामाभोवतीच्या खासगी जमिनीवर सरकार अधिसूचना काढून बंधने घालू शकते. जमीन तुमचीच राहते, सातबाऱ्यावर नाव तुमचेच राहते, पण तिच्यावर काय करायचे ते तुमच्या हाती राहत नाही. अधिसूचनेसोबत नकाशा असतो आणि तो मैलाला सहा इंच या प्रमाणापेक्षा लहान असू नये, असे कायदाच सांगतो. वाद झाला तर तो नकाशा बोलतो, एजंटच्या मोबाइलमधला नव्हे.

कायद्यात तीन सीमा आहेत. बाहेरची २००० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १८२९ मीटर, जाऊ शकते. मधली १००० यार्डांपर्यंत आणि आतली ५०० यार्डांपर्यंत. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २००० यार्डांचा रेड झोन धरला जातो, तर दिघीच्या कोठाराभोवती ११४५ मीटरचा. म्हणजे "रेड झोन दोन किलोमीटरचा असतो" हे सगळीकडे खरे नाही आणि "दिघीत आमच्या पाहुण्यांना परवानगी मिळाली" हा तळवड्यासाठी पुरावा नाही.

बाहेरच्या पट्ट्यात लष्करी अधिकाऱ्यांच्या लेखी मंजुरीशिवाय जमिनीची पातळी बदलता येत नाही, घर, भिंत किंवा बांध घालता येत नाही आणि असलेल्यात भरही घालता येत नाही. लाकूड, माती, दगड, विटा, वाळू यांचे ढीग रचणेही बंद. खडी, शेणखत आणि शेतमाल यांना मुभा मिळू शकते, पण लष्कराने सांगितले की ते ताबडतोब हलवायचे आणि त्याची भरपाई मिळत नाही. मंजुरी घेऊन उभ्या असलेल्या जुन्या घराची दुरुस्ती करायची तर मूळच्याच प्रकारच्या साहित्याने. कौले काढून स्लॅब टाकायचा असेल तर पुन्हा लेखी मंजुरी लागते. हे कलम फार कमी लोकांना ठाऊक असते. वडिलोपार्जित घर असलेल्यांनी ते विशेष ध्यानात ठेवावे.

मधल्या पट्ट्यात पक्के बांधकाम नाही. मंजुरी मिळाली तरी लाकडाची किंवा सहज काढून टाकता येईल अशी झोपडी, कुंपण इतकेच. जिवंत कुंपण, झाडांच्या रांगा, फळबाग यांनाही मंजुरी हवी. आतल्या पट्ट्यात जमिनीखालचे खोदकामही बसत नाही, म्हणजे विहिरीचा विचारही सोडावा.

आमच्या धंद्याशी थेट संबंध असलेली आणखी एक अट आहे. या क्षेत्रात कुणीही खासगी मोजणीदार नेऊन मोजणी करता येत नाही. ती अधिकृत सरकारी सेवकाने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच व्हावी लागते. त्यामुळे "तुमचा माणूस पाठवून आजच मोजून द्या" असे सांगितलेत तर आम्ही नाही म्हणू. टाळाटाळ म्हणून नव्हे.

एवढी कडक बंधने कशासाठी, हे ३१ मे २०१६च्या पहाटे महाराष्ट्राने पाहिले. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. लष्करी अधिकारी आणि आग विझवणारे जवान त्यात मरण पावले आणि आसपासच्या गावांतले लोक रात्रीतच घरे सोडून बाहेर पडले. त्या जागी आठ-दहा मजली सोसायट्यांची दाटी असती तर काय झाले असते, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

दुसरी बाजूही खरी आहे. देहूरोड आणि दिघीच्या रेड झोनमध्ये आज हजारो कुटुंबे राहतात. एक-दोन गुंठे घेऊन, साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार करून, आयुष्याची कमाई घालून त्यांनी घरे बांधली आहेत. हद्द कमी करावी ही मागणी वर्षानुवर्षे होते आहे आणि प्रत्येक निवडणुकीत तिच्यावर भाषणेही होतात. ती मान्य झाली तर आम्हाला आनंदच होईल, पण होईल या भरवशावर आज पैसे गुंतवू नका. भरपाईची तरतूद कायद्यात आहे खरी, मात्र बंधने लागू झाल्यानंतर स्वस्तात जमीन घेणाऱ्याने तिच्यावर विसंबून राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुरुग्राममध्ये हवाई दलाच्या दारूगोळा केंद्राभोवतीच्या ९०० मीटरच्या पट्ट्यात असेच घडले. वस्ती आधी वाढली, मागण्या आणि कोर्टकचेऱ्या नंतर आल्या.

वीज आली, नळ आला, घरपट्टी लागली, शास्तीकर (अनधिकृत बांधकामावरचा दंडाचा कर) माफ झाला म्हणजे घर अधिकृत झाले, ही समजूतही चुकीची आहे. कर वापरावर लागतो, परवानगीवर नव्हे. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जागांवरची बांधकामे कायम करण्याच्या, म्हणजे गुंठेवारी नियमितीकरणाच्या, योजनेतही रेड झोनमधली बांधकामे बसत नाहीत. बहुतेक बँका इथे गृहकर्ज देत नाहीत, आणि बँकेच्या वकिलाने नकार दिला तर त्याच्यावर रागावण्याऐवजी त्याचे आभार मानावेत.

भिंतीलगतची जागा

इथे नियम सोपा दिसतो, पण सारखा बदलत आला आहे. २०१०मध्ये मुंबईत कुलाब्याला लष्करी हद्दीजवळ उभ्या राहिलेल्या आदर्श सोसायटीच्या ३१ मजली इमारतीचे प्रकरण गाजले. त्यानंतर १८ मे २०११ रोजी संरक्षण मंत्रालयाने परिपत्रक काढले : लष्करी आस्थापनेपासून १०० मीटरच्या आत, आणि इमारत चार मजल्यांहून उंच असेल तर ५०० मीटरच्या आत, ना हरकत दाखला हवा. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. २१ ऑक्टोबर २०१६च्या दुरुस्तीत एका यादीतल्या ठाण्यांसाठी हे अंतर बाहेरच्या भिंतीपासून १० मीटरवर आले, दुसऱ्या यादीतल्यांसाठी जास्त राहिले. म्हणून तुमच्या शेजारची आस्थापना कोणत्या यादीत आहे आणि आज कोणते परिपत्रक चालू आहे, हे प्रकल्पागणिक नव्याने तपासावे लागते. १९०३च्या कायद्याखाली अधिसूचना नसताना केवळ परिपत्रकाने कुणाची परवानगी अडवता येते का, यावर न्यायालयांत बराच वाद झाला आहे. पण वादात पडण्यापेक्षा दाखला मागणे आम्हाला स्वस्त वाटते. अर्ज महापालिकेमार्फत स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांकडे जातो आणि उत्तर यायला वेळ लागतो. बिल्डरशी करार करताना ताबा देण्याच्या तारखेत हा वेळ धरला आहे का, ते पाहा.

उंची : लोहगावचा फनेल

लोहगावचे विमानतळ १९३९ सालचे, हवाई दलाचे. प्रवासी विमाने तिथे पाहुणी म्हणून उतरतात. त्यामुळे उंचीचा दाखला हवाई दलाकडून घ्यावा लागतो. याला आधार आहे ३० सप्टेंबर २०१५च्या केंद्र सरकारच्या नियमांचा. विमानतळापासून २० किलोमीटरच्या परिघातल्या उंच इमारतींनी हा विषय मनावर घ्यायचाच.

कल्पना अशी : धावपट्टीच्या वर आणि भोवती हवेत एक अदृश्य छत ताणलेले आहे. विमानतळाजवळ ते सपाट असते, आंतरराष्ट्रीय मापाप्रमाणे विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंच आणि साधारण चार किलोमीटर त्रिज्येचे. त्यापुढे ते दर २० मीटरला एक मीटर चढत जाते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे विमान उतरण्याचा मार्ग असतो. तिथे छत फार खाली येते आणि चढही अगदी कमी, ५० मीटरला एक मीटर. लोक यालाच फनेल म्हणतात. तुमची इमारत या छताला भोक पाडता कामा नये.

आता महत्त्वाचे. दाखल्यात लिहिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते, जमिनीपासूनची नव्हे. लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटरवर आहे. समजा, दोन प्लॉटना ६३० मीटरची मर्यादा मिळाली. एकाची जमीन ५७५ मीटरवर आहे, त्याला ५५ मीटर मिळतात. दुसरा टेकाडावर, ६०५ मीटरवर. त्याला मिळतात फक्त २५. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण उतारावरच्या प्लॉटमध्ये असा फरक खरोखर पडतो आणि "शेजारची बिल्डिंग बारा मजली आहे, माझी का नाही?" या भांडणाचे उत्तरही बहुतेक इथेच असते.

मर्यादेत मोजले जाते ते सगळ्यात वरचे टोक. लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, वीजरोधक, मोबाइलचा अँटेना, इतकेच काय बांधकामाच्या काळातली क्रेनसुद्धा. सौर पॅनेलसाठी मागाहून उभारलेली लोखंडी चौकटही यातच येते. भोगवटा प्रमाणपत्र घेण्याआधी प्रत्यक्ष उंची तपासली जाते आणि ती जास्त निघाली तर वरचा भाग पाडायला लावण्याची तरतूद आहे. दाखल्याला मुदत असते. काम रखडले तर नवा काढावा लागतो आणि नव्यात तीच उंची मिळेल याची खात्री नसते. गोव्यात दाबोळीला, नौदलाच्या आयएनएस हंसाच्या परिसरात जागा असलेल्यांनाही हेच गणित लागू. तिथे दाखला नौदल देते.

हॉटेल, मटणाचे दुकान, ड्रोन

धंद्यासाठी गाळा घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे आणि पक्षी जमतील असा कचरा टाकणे विमान नियमांनी बंद आहे. हॉटेल, मटण आणि मासळीची दुकाने यांचा कचराही त्यात येतो. घार इंजिनात शिरली तर सुखोईलाही ती परवडत नाही. कचरा बंदिस्त ठेवण्याची सोय नकाशातच दाखवा, म्हणजे परवाना घेताना अडणार नाही. आणि प्लॉटचे ड्रोनने फोटो काढायचे असतील तर आधी सरकारच्या ड्रोन नकाशावर तो भाग कोणत्या रंगात आहे ते पाहावे; परवानगी लागते का, ते त्या रंगावरून कळते. लष्करी आस्थापनेवर परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर पुढची सगळी चौकशी तुमच्या नावाने होते.

आवाज

याला परवानगी लागत नाही, म्हणून याचा विचार कुणी करत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ पासून हवाई तळांभोवती आवाजाचे आणि अपघाताच्या शक्यतेचे पट्टे आखून, कुठे गोदाम चालेल आणि कुठे शाळा नको, हे तिथल्या नगरपालिकांना सुचवायला सुरुवात केली. आपल्याकडे उंची आणि सुरक्षा यांवर नियम आहेत, आवाज मात्र घर घेणाऱ्यावरच सोडलेला आहे.

म्हणून आमचा सल्ला : फ्लॅट रविवारी दुपारी पाहू नका. कामाच्या दिवशी, लढाऊ विमानांचा सराव चालू असताना जा आणि खिडकी उघडून उभे राहा. स्वतः घर बांधणार असाल तर झोपण्याच्या खोल्या धावपट्टीच्या उलट बाजूला घ्या आणि खिडक्यांना दुहेरी काच लावा. काचेपेक्षा चौकटीच्या फटी जास्त आवाज आत आणतात, तेव्हा खर्च तिथे करा. वरच्या मजल्यावर पत्रे नकोत. पत्र्याखाली दुहेरी काचेचा काही उपयोग होत नाही. जमीन शाळेसाठी किंवा रुग्णालयासाठी घेत असाल तर आम्ही तुम्हाला दुसरी जागा बघायला सांगू, फी बुडाली तरी चालेल.

आमच्याकडे येताना

ताजा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा आणि महापालिकेचा झोन दाखला घेऊन या. इसार देण्यापूर्वी या, नंतर नव्हे. सातबाऱ्याच्या इतर हक्कात रेड झोनची नोंद असेलच असे नाही, त्यामुळे तो कोरा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. आम्ही जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची काढून देतो, कोणकोणते दाखले लागतील ते लेखी सांगतो आणि अर्ज तयार करतो. दाखला मिळवून देण्याची हमी आम्ही देत नाही. कुणी "आतून करून देतो" म्हणून वेगळे पैसे मागितले, तर तो माणूस आमच्या कार्यालयातला नाही. पहिल्या तपासणीची फी ठरलेली आहे आणि जागा रेड झोनमध्ये निघाली तरी ती परत मिळत नाही, हे कृपया आधीच लक्षात घ्यावे.