भिंत उष्णता अडवते की गिळते?

ग्वाल्हेरला लश्कर नावाच्या भागात आमचं जुनं घर आहे. दीड फुटी भिंती वालुकाश्माच्या, वर छताला दगडी पटिया, म्हणजे सपाट फरश्या. नौतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी बाहेर ४५ अंश असताना आतली भिंत हाताला गार लागते, आणि आई पाहुण्यांना ऐकवते, "दगडाचं घर आहे, ऊन आत येतच नाही." तीच आई रात्री एक वाजता उशी बगलेत मारून गच्चीवर जाते, कारण तोवर खोलीच्या भिंतींना हात लावावासा वाटत नाही. ऊन आत आलेलंच असतं, फक्त दहा तास उशिरा.

हीच गफलत माझ्या भाच्यानं सुट्टीत कॉम्प्युटरवर केली. 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड' हा क्लेई या कॅनडातल्या स्टुडिओचा गेम, २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. लघुग्रहाच्या पोटात वस्ती वसवायची, आणि तिथल्या प्रत्येक चौकोनाला स्वतःचं तापमान असतं. खायला लावलेलं मीलवुडचं रोप ३० अंशांच्या वर गेलं की वाढायचं थांबतं, म्हणून गरम भाग भिंतीपलीकडे ठेवणं हा तिथला रोजचा संसार. भाच्यानं सँडबॉक्समध्ये (हवं ते लगेच बांधून बघायची सोय) दोन सारख्या खोल्या बांधल्या, दोन्हींना बाहेरून ९० अंशांचं पाणी लावलं. एका खोलीच्या इन्सुलेटेड टाइल (उष्णता अडवणाऱ्या भिंतीचे चौकोन) इग्निअस रॉक या दगडाच्या, दुसरीच्या ऑब्सिडियन या दगडाच्या. काही सायकल (गेममधले दिवस) गेल्यावर जाहीर केलं, "मामा, ऑब्सिडियन बेकार आहे. उष्णता जास्त आत सोडतो."

मी त्याला दोन्ही दगडांची माहिती उघडायला लावली. उष्णतावाहकता इग्निअसची २, ऑब्सिडियनचीही २. उष्णता आत सोडण्याच्या बाबतीत दोघं सख्खे भाऊ. फरक दुसऱ्या आकड्यात होता: विशिष्ट उष्माधारकता इग्निअसची १, ऑब्सिडियनची ०.२. म्हणजे एक ग्रॅम एका अंशानं तापवायला इग्निअसला पाचपट उष्णता लागते.

हा दुसरा आकडा किती मोठा खेळ करतो ते कागदावर मांडलं तेव्हा मीही चमकलो. इन्सुलेटेड टाइलला ४०० किलो माल लागतो. इग्निअसची एक टाइल एका अंशानं चढायला ४ लाख डीटीयू खाते (डीटीयू हे गेममधलं उष्णतेचं माप, आपल्या ज्यूलचा मानलेला भाऊ). भाच्याची खोली १० बाय ४, दर चौकोनात १.८ किलो ऑक्सिजन, म्हणजे ७२ किलो. गेममध्ये ऑक्सिजनची उष्माधारकता १.००५ आहे, जी खरं तर हवेची आहे, पण असो. अख्ख्या खोलीतली हवा एका अंशानं तापायला साधारण ७२ हजार डीटीयू पुरतात. एकटी टाइल साडेपाच खोल्यांच्या हवेइतकी उष्णता पोटात घेऊन बसते! तिचं पोट भरेपर्यंत खोलीत फारसं काही होत नाही, आणि आपण म्हणतो, काय मस्त इन्सुलेशन आहे.

बाहेरचं तापमान स्थिर असेल आणि भिंत तापायची तेवढी तापली असेल, तर तिथून पुढे दर सेकंदाला किती उष्णता आत येणार हे वाहकता ठरवते, उष्माधारकतेला तिथे मत नाही. उष्माधारकता ठरवते ती वेळ, ती अवस्था यायला किती उशीर लागणार. म्हणून भाच्याला सांगितलं, भिंतीचं तापमान वाढायचं थांबेपर्यंत खोलीतल्या हवेकडे बघूच नकोस. आणि घाई असेल तर उलटी चाचणी कर: बाहेरचं गरम पाणी काढून टाक. साठवणारी भिंत त्यानंतरही खोलीला चटके देत राहते. रात्री एक वाजताची आमची भिंत, दुसरं काय.

सिरॅमिकची गोष्ट मात्र वेगळी. त्याची वाहकता ०.६२, उष्माधारकता ०.८४. हा खरोखर अडवतो, इग्निअसच्या तिपटीहून जास्त. ॲबिसलाइट या गेममधल्या खनिजात दोन्ही गुण आहेत, वाहकता ०.००००१ आणि उष्माधारकता ४, त्यामुळे त्याच्यावरून कुणीच काही शिकत नाही. आणि निर्वात पोकळी हे टोकाचं उदाहरण: साठवणं शून्य, तरी गेममध्ये तिच्यातून काहीच पलीकडे जात नाही. खऱ्या थर्मासला पोकळी असूनही आतून चांदीसारखा मुलामा द्यावा लागतो, कारण खरं जग प्रारणानंही, म्हणजे पोकळीतून येणाऱ्या किरणांनीही, तापतं.

घरातला हिशोब याहून झोंबणारा निघाला. वालुकाश्माची वाहकता २ ते ३ च्या आसपास, थर्मोकोलची ०.०३५ च्या. एक इंच थर्मोकोल आमच्या दीड फुटी भिंतीच्या तिप्पट तरी अडवतो, फक्त साठवत काही नाही. आईला हे अजिबात पटलेलं नाही. "पणजोबांनी काय वेडेपणा केला का?" नाही केला. रात्री गार वारा सुटत असेल तर दिवसाची उष्णता पोटात घेऊन रात्री बाहेर टाकणारी भिंत झकास काम करते. मे-जूनमध्ये काही वेळा रात्रीचाही पारा तिशीखाली यायला तयार नसतो, तेव्हा तिचं पोट रिकामं होत नाही, एवढंच.

ते पोट रिकामं करायची युक्ती मात्र आईकडे आहे, आणि ती गेममध्ये नाही. तिथलं पाणी उकळेपर्यंत नुसतं तापत राहतं. आई संध्याकाळी गच्चीवर बादलीनं पाणी मारते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल घेऊन जातं. पंधरा लिटरची बादली पूर्ण उडून गेली आणि सगळी उष्णता दगडातूनच घेतली, तर दहा बाय दहा फुटांची चार इंची पटिया कागदावर २० अंशांनी उतरते. प्रत्यक्षात थोडी उष्णता हवेकडूनही घेतली जाते, थोडं पाणी पन्हाळीतून खाली शेजाऱ्यांच्या स्कूटरवर जातं.