रतीब आणि दूध कट्टा: पॉडकास्ट नेमकं कशाला म्हणायचं?

"आमच्या शाळेचा पॉडकास्ट" या नावाची निदान पंधरा-वीस सादरीकरणं मी आजवर ऐकली असतील. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असो की तंत्रस्नेही शिक्षकांचा मेळावा, कुणीतरी उठतं, ब्लूटूथ स्पीकर टेबलावर ठेवतं आणि त्यातून तिसरीच्या पुस्तकातली कविता चालीत ऐकू येते. टाळ्या पडतात. कविता छान असते, चालही गोड असते. पण तो पॉडकास्ट नसतो, रेकॉर्ड केलेला पाठ असतो. आणि नुसता रेकॉर्ड केलेला पाठ असण्यात काही कमीपणा नाही, हे कुणी ऐकूनच घेत नाही. नाव मोठं लावलं की अहवालात ओळ वजनदार होते, एवढाच हिशोब.

रेकॉर्ड केलेला पाठ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्या शिक्षकांनी तो केलाय. कुणी माडीवर, कुणी गोठ्याच्या मागं, जिथं कुत्रं भुंकणार नाही तिथं बसून. दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर तसले पाठ ढिगानं आहेत, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की समोर येतात. तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही.

किरकोळ फरकही झटक्यात उरकते. फाइलचा प्रकार दोन्हीकडं एकच असतो. माइक महागाचा असला म्हणून पॉडकास्ट होत नाही, मोबाइलवर बोललं म्हणून तो हुकतही नाही. दोघं गप्पा मारतात तो पॉडकास्ट आणि एकटा बोलतो तो पाठ, असंही नाही. लांबीचाही संबंध नाही. प्राथमिकच्या पोरांसाठी सहा-सात मिनिटांच्या वर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, पण ते दोन्हींना लागू. आणि दोन खुर्च्या, दोन माइक मांडून व्हिडिओ काढायचा आणि त्याला पॉडकास्ट म्हणायचं, या फॅशनबद्दल मी बोलणार नाही, कारण बोलायला लागले तर थांबणार नाही.

आता खरा फरक. तो शब्दाच्या जन्मातच आहे. आयपॉड (अ‍ॅपलचं खिशात मावणारं गाण्यांचं यंत्र) आणि ब्रॉडकास्ट (प्रसारण) यांची सांगड घालून हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनच्या गार्डियन वर्तमानपत्रात बेन हॅमर्सली यांनी पहिल्यांदा छापला. पण आवाज इंटरनेटवर टाकणं तेव्हा नवीन नव्हतंच. नवीन होती ती पोचवण्याची सोय. डेव्ह वायनर या संगणक प्रोग्रामरनी २००० च्या अखेरीस आरएसएस नावाच्या यादीत आवाजाची फाइल जोडायची जागा करून ठेवली होती. या यादीला फीड म्हणतात. यादी एका ठरलेल्या पत्त्यावर असते. ऐकणाऱ्याच्या फोनमधलं अ‍ॅप अधूनमधून त्या पत्त्यावर जाऊन विचारतं, "नवीन काही आलंय का?" आलं असेल तर ते ऐकणाऱ्यापुढं आपसूक येऊन पडतं. जून २००५ मध्ये अ‍ॅपलनं ही सोय आयट्यून्स या आपल्या गाण्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि शब्द जगभर झाला.

म्हणजे पॉडकास्ट हे आवाजाचं नाव नाही, पोच करण्याच्या पद्धतीचं नाव आहे. कोल्हापूरकरांना हे समजायला आरएसएसची गरजच नाही. आपल्याकडं गंगावेशीत दूध कट्टा आहे. म्हशी दारात उभ्या, समोर धार काढलेली, ग्लास हातात. तुम्हाला तलफ आली की तुम्ही जाता, पिता, मिशी पुसून घरी येता. महिनाभर गेला नाहीत तरी कुणी विचारत नाही. आणि दुसरा असतो रतीब. सकाळी कडी वाजते, तुम्ही झोपेत असला तरी पातेल्यात दूध पडतं, आणि एक दिवस चुकला तर घरात चहावरून भांडण होतं. दूध दोन्हीकडं त्याच म्हशीचं असेल. पण कट्टा कट्टा आहे आणि रतीब रतीब.

रेकॉर्ड केलेला पाठ हा कट्टा. मूल गरज पडली की त्याच्याकडं जातं. पॉडकास्ट हा रतीब. तो मुलाकडं येतो, ठरल्या दिवशी, मुलानं मागितला नसला तरी.

"एवढंच ना?" असं एका सरांनी मला तोंडावर विचारलं होतं. एवढंच, पण बाकी सगळं यातूनच निघतं. नावापासून सुरुवात करा. हातच्याची वजाबाकी समजावणाऱ्या फाइलला "भाग ७" नाव दिलंत तर ती मेली. कारण शोधणाऱ्याला वजाबाकी हवीय, सात नको. तिचं नाव "तिसरी, गणित, हातच्याची वजाबाकी" असंच हवं, आणि ती कुठल्याही आधीच्या फाइलीवर अवलंबून नसावी. "काल आपण पाहिलं त्याप्रमाणे" हे वाक्य रेकॉर्ड केलेल्या पाठात बंद. काल कुणी पाहिलं? मूल आज पहिल्यांदा आलंय. उलट पॉडकास्टमध्ये हेच वाक्य म्हणजे जीव. तिथं मागचं आठवायचं असतं आणि पुढचं शिल्लक ठेवायचं असतं. पाठ अर्धवट तोडणं हे पाप, आणि पॉडकास्टचा भाग नेमक्या जागी तोडता न येणं हा अडाणीपणा.

ही गल्लत मी स्वतः केलीय म्हणूनच सांगते. लॉकडाऊनमध्ये मी चाळीसच्या वर पाठ रेकॉर्ड केले, रोज एक पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि ऐटीत त्याला "आपला पॉडकास्ट" म्हटलं. रोज येतं म्हणून मला वाटलं रतीबच आहे. महिन्याभरानं एका आईचा फोन. "बाई, ते भागाकाराचं पुन्हा पाठवा की. वर सरकवून सरकवून अंगठा दुखायला लागला." ग्रुपमध्ये सुविचार, लसीकरणाच्या सूचना, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि त्यात माझा भागाकार आकड्यांच्या लांबलचक नावाखाली गाडलेला. त्या पोराला कट्टा हवा होता आणि मी रतीब घालत बसले होते. शिवाय फोन बापाजवळ आणि बाप ऊसतोडीला, त्यामुळं रतीब तरी वेळेवर कुठला पोचायला! नंतर मी सगळ्या फाइलींची नावं बदलून इयत्ता-विषयाप्रमाणं फोल्डर केले, ते मेमरी कार्डात भरून घरोघरी दिले. तेव्हा कुठं त्या पाठांचा उपयोग झाला.

खरा पॉडकास्ट आमच्या शाळेत झाला तो पुढं, शाळा भरायला लागल्यावर. आमची द्विशिक्षकी शाळा, राधानगरीच्या बाजूला. हंगामात पोरांच्या अंगाला गुळाचा वास येतो. तिसरी-चौथीची पोरं फोन घेऊन जवळच्या गुऱ्हाळात गेली आणि चार गुरुवारांचे चार भाग झाले. पहिल्या भागात घाण्यात ऊस कसा चिरडला जातो त्याचा नुसता आवाज, त्यावर पोरांचं बोलणं. दुसऱ्यात काहिलीत रस तापतो, भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात, ती काढतात, चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या माणसाला घामानं बोलवत नाही. तिसऱ्या भागात एक पोरगी गुळव्याला विचारते, "काका, झालं म्हणून कळतं कसं?" काका सांगतात, पाण्यात थेंब टाकायचा, गोळी वळली की काहिल उतरवायची. मग थेंब पाण्यात टाकल्याचा आवाज. आणि तिथंच आम्ही भाग तोडला.

त्या आठवड्यात सोमवारपासून पोरांनी डोकं खाल्लं. "बाई, गोळी झालती का न्हाई?" त्यातल्या निम्म्यांच्या घरचा ऊस गुऱ्हाळाला जातो, गोळी झाली असणार हे त्यांना चांगलं माहीत. तरी गुरुवारची वाट बघत होती. हेच मी वजाबाकीच्या मध्यावर केलं असतं तर पालकांनी मला शाळेत येऊन विचारलं असतं, आणि बरोबरच विचारलं असतं.

इथं कुणीतरी हमखास हात वर करतं: पण पोरांकडं फोन नाही, अ‍ॅप नाही, मग फीड कुठलं आणि कसलं? प्रश्न रास्त आहे. आठ वर्षांचं पोरगं काही सबस्क्राइब करत नाही, करूही नये. प्राथमिकच्या वर्गात फीड म्हणजे बाई, किंवा गुरुजी. ठरलेला वार, ठरलेली वेळ, मधल्या सुट्टीनंतरची सात मिनिटं, तोच आवाज, तीच सुरुवात. अ‍ॅप जे करतं ते इथं माणूस करतो. म्हणून ज्या शाळेत वार पाळला जात नाही तिथं, फाइल हवी तेवढ्या मोठ्या अ‍ॅपवर चढवा, पॉडकास्ट नाही. आणि ज्या शाळेत पेनड्राइव्हवरून दर गुरुवारी पुढचा भाग लागतो तिथं इंटरनेट नसलं तरी माझ्या लेखी तो पॉडकास्टच. संगणकवाल्यांना हे पटणार नाही. न पटो.

मग रेडिओ काय वेगळा? तोही रतीबच, फक्त गवळी थांबत नाही. ठरल्या मिनिटाला तुम्ही पातेलं घेऊन हजर नसला तर दूध रस्त्यावर. १९८४ साली पुण्यात सुरू झालेल्या बालचित्रवाणीच्या टीव्हीवरच्या शैक्षणिक कार्यक्रमांचंही तेच होतं, तास आणि कार्यक्रम जुळला तर जुळला. पॉडकास्ट थांबवता येतो, मागं नेता येतो, पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की उद्यावर टाकता येतो. पावसाळ्यात आमच्याकडं हे वारंवार होतं. मे २०२० मध्ये पीएम ई-विद्या या केंद्र सरकारच्या डिजिटल शिक्षण योजनेच्या घोषणेत रेडिओ, सामुदायिक रेडिओ आणि सीबीएसईचा शिक्षा वाणी पॉडकास्ट हे एकाच दमात आले. तेव्हापासून लोकांनी तिन्हींचा एकच काला केलाय असा मला दाट संशय आहे.

रेडिओकडून एक गोष्ट मात्र दोन्हींनी उचलावी. १९७४ मध्ये निकाराग्वात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी रेडिओवरून प्राथमिकचं गणित शिकवायचा प्रयोग सुरू केला. त्यात रेडिओवरचा माणूस प्रश्न विचारून गप्प बसायचा, आणि त्या गप्प राहण्याच्या वेळात वर्ग मोठ्यानं उत्तर द्यायचा. मग पुढं. आपल्या रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता कुणी ठेवतच नाही. प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देतात, जणू गाडी सुटणार आहे. पाच सेकंद गप्प बसा. वर्गातला शेवटच्या रांगेतला पोरगाही बोलतो.

उलट्या बाजूची गल्लतही आहे, थोडी कमी पण जास्त चीड आणणारी. चांगला चाललेला पॉडकास्ट पाठासारखा वापरायचा. प्रत्येक भागाखाली दहा प्रश्न, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. एका सादरीकरणात तर भाग सहा मिनिटांचा आणि स्वाध्याय अर्ध्या तासाचा होता. रतीबाचं दूध रोज कुणी प्रयोगशाळेत पाठवतं का? गुऱ्हाळाच्या भागांवर मी एकही प्रश्न काढला नाही. पुढं चौथीच्या एका पोरानं आपणहून काहिलीचं चित्र काढलं आणि त्यात मळी कुठल्या बाजूला जमते ते बाणानं दाखवलं. मला तेवढं बास झालं.

माझे आणखी दोन राग सांगून टाकते. एक, सुरुवातीचं संगीत. चाळीस सेकंद बासरी, मग "नमस्कार विद्यार्थी मित्रांनो", मग शाळेचं नाव, केंद्र, तालुका, जिल्हा, मार्गदर्शक साहेबांचे आभार. एवढ्यात पहिलीचं पोर खिडकीबाहेर गेलेलं असतं. दुसरा, संगणकी आवाज. मजकूर टाकला की मशीन मराठीत वाचून दाखवतं म्हणे. वाचतं खरं, पण वाक्याचा हेल कुठल्या गावचा ते कळत नाही. आमच्या पोरांचं "हाय" आणि "न्हाई" मी भागात तसंच ठेवते. पाठात मात्र प्रमाण भाषाच बोलते, कारण तो पाठ चंदगडचं मूलही उघडेल आणि चंद्रपूरचंही. हाही पुन्हा कट्टा आणि रतीबाचाच फरक: कट्ट्यावर कोणीही येतं, रतीब ओळखीच्या घरी जातो.

ओळखीच्या घरावरून आठवलं. पोरांचे आवाज बाहेर टाकताना पालकांची लेखी संमती घ्या आणि पूर्ण नाव सांगू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील सगळे मूलच धरलेत. आमचे भाग शाळेबाहेर जातच नाहीत, त्यामुळं मला ती कटकट कमी.

मागं एकदा नेमकी गुरुवारीच केंद्रावर बैठक लागली. भाग पेनड्राइव्हवर होता, कपाटाची किल्ली दुसऱ्या सरांकडं. मला वाटलं, एक खाडा पडला, शुक्रवारी लावू. संध्याकाळी शाळा बंद करायला आले तर स्पीकर जाग्यावर नीट गुंडाळून ठेवलेला, आणि फळ्यावर खडूनं लिहिलेलं: "बाई, आमी ऐकला. तुमचा राहिलाय."