सेबू शहरातील ऐतिहासिक स्थळे व संग्रहालये

फिलिपीन्सच्या व्हिसायास द्वीपसमूहातील सेबू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील सेबू या बंदर-शहरात (लोकसंख्या ९,६४,१६९ – २०२०) असलेले किल्ला, चर्च, जुनी घरे व संग्रहालये. १५६५ मध्ये वसलेली स्पॅनिशांची या देशातील पहिली कायम वसाहत हीच. १५७१ मध्ये मॅनिला राजधानी झाल्यावर सेबूचे राजकीय महत्त्व ओसरले. बहुतेक स्थळे धक्क्यापासून पारियान या जुन्या वस्तीपर्यंतच्या पट्ट्यात असून ती पायी पाहता येतात. सेबूची प्रसिद्धी सोळाव्या शतकातील घटनांमुळे असली, तरी प्रत्यक्ष दिसणारे बांधकाम बहुतांशी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहे. स्थळांवरील फलक वाचताना हे अंतर ध्यानात ठेवावे लागते.

स्थानिक सेबुआनो भाषेत शहराचे नाव सुग्बो. ‘उथळ पाण्यातून चालत जाणे’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचा संबंध जोडतात. व्यापारवाचक शब्दाशीही जोडतात. पहिली व्युत्पत्ती किनाऱ्याच्या स्वरूपाशी जुळते, एवढेच म्हणता येते. सुमात्राहून आलेल्या श्री लुमाय नावाच्या चोळवंशीय राजपुत्राने हे राज्य स्थापिले, ही कथा भारतीय वाचकाला आकर्षक वाटण्याजोगी आहे. तथापि ती विसाव्या शतकात लिखित रूपात पुढे आली आणि समकालीन साधनांत तिला आधार नसल्याने अभ्यासक ती इतिहास म्हणून स्वीकारीत नाहीत. भारतीय संबंधाचा अधिक भक्कम धागा पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलनच्या १५२१ च्या मोहिमेचा वृत्तांतकार आंतोन्यो पिगाफेत्ता याच्याकडे सापडतो. मोहीम सेबूस आली तेव्हा बंदरातील एका मुसलमान व्यापाऱ्याने तेथील राजाला सावध केले, की कालिकत, मलाक्का व हिंदुस्थान जिंकणारे लोक ते हेच. व्यापाऱ्याचे बोल पिगाफेत्ताने जसे ऐकले तसे टिपले असून त्यांत ‘राजा’ हा शब्द ओळखू येतो. वास्तविक पाहुणे स्पेनच्या चाकरीत होते व ती कीर्ती पोर्तुगीजांची होती. पण खुद्द मॅगेलन १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदाच्या ताफ्यातून हिंदुस्थानात आलेला आणि मलाक्काच्या स्वारीत (१५११) लढलेला होता. व्यापाऱ्याचा अंदाज त्यामुळे अगदीच चुकला नव्हता.

मॅगेलनचा क्रूस : मॅगेलन ७ एप्रिल १५२१ रोजी सेबूस पोहोचला. १४ एप्रिलला राजा हुमाबोन व त्याच्या परिवाराने बाप्तिस्मा घेतला. राजाला कार्लोस व राणीला हुआना ही नावे मिळाली. या प्रसंगाचे स्मारक म्हणजे सांतो निन्यो बॅसिलिकेशेजारच्या (बॅसिलिका : पोपने विशेष दर्जा दिलेले चर्च) चौकातील अष्टकोनी मंडपात उभा असलेला क्रूस. मंडप १८३४ चा असून त्याच्या छतावर क्रूसरोपण व बाप्तिस्म्याची चित्रे आहेत. दिसतो तो क्रूस तिंदालो नावाच्या कठीण लाकडाचा, आतून पोकळ आहे. मूळ क्रूस त्याच्या पोटात आहे, असे पायथ्याचा फलक सांगतो. भाविक मूळ लाकडाच्या ढलप्या औषधी म्हणून काढून नेत, म्हणून हे आवरण घालावे लागले, अशी माहिती रूढ आहे. मॅगेलनच्या मृत्यूनंतर मूळ क्रूस नष्ट झाला व स्पॅनिशांनी पुढे दुसरा उभारला, असेही मत आहे. फलकावर क्रूसरोपणाची तारीख २१ एप्रिल दिली आहे. पिगाफेत्ता मात्र चौकातील मोठ्या क्रूसाचा उल्लेख १४ तारखेच्या बाप्तिस्म्याच्या वर्णनातच करतो. एक आठवड्याचा हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु प्रत्यक्षदर्शीचा वृत्तांत आणि कित्येक शतकांनंतरचा फलक यांत निवड करायची, तर वृत्तांताकडे झुकणे सयुक्तिक ठरते.

सांतो निन्यो बॅसिलिका : बाप्तिस्म्याच्या वेळी राणीला बालयेशूची (सांतो निन्यो) लहान काष्ठमूर्ती भेट मिळाली. पुढे १५६५ मध्ये स्पॅनिश सेनानी मिगेल लोपेस दे लेगास्पीच्या तुकडीने वस्तीवर हल्ला केला. वस्तीत आग लागली व २८ एप्रिल रोजी हुआन कामुस या शिपायाला एका घरात पेटीत ठेवलेली बालयेशूची मूर्ती सापडली. ती १५२१ चीच, असे बहुतेक इतिहासकार धरून चालतात. सुमारे ३० सेंमी. उंचीच्या या मूर्तीची घडण फ्लेमिश धाटणीची आहे, ही बाब त्या मताला पोषक आहे. मूर्ती कोळ्याच्या जाळ्यात ओंडक्याच्या रूपाने आली, ही लोककथा वेगळ्याच परंपरेतली. स्थानिकांनी परकीय देवाला आपल्या समुद्राशी जोडून घेतल्याचे ती दाखवते. मूर्ती सापडली त्या जागी उभारलेले पहिले चर्च जळाले. सध्याच्या दगडी इमारतीचे काम १७३५ मध्ये सुरू झाले व १७४० च्या सुमारास संपले. १९६५ मध्ये पोप सहावा पॉल याने तिला बॅसिलिकेचा दर्जा दिला. १५ ऑक्टोबर २०१३ च्या भूकंपात (तीव्रता ७.२, केंद्र बोहोल बेटावर) तिचा घंटामनोरा कोसळला, तो नंतर पुन्हा बांधण्यात आला. आवारात मेणबत्त्या विकणाऱ्या बाया गिऱ्हाइकाच्या नावाने मेणबत्ती हाती धरून दोन पावले पुढे, एक पाऊल मागे असा नाच करतात. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी भरणाऱ्या सांतो निन्योच्या सिनुलोग उत्सवाचा ठेका हाच. रस्त्यावरील स्पर्धात्मक मिरवणुकीचे त्याचे आजचे रूप मात्र १९८० पासूनचे आहे.

सान पेद्रो किल्ला : बंदराजवळचा त्रिकोणी किल्ला. आतील क्षेत्रफळ २,०२५ चौ. मी.; तटाची उंची सुमारे ६ मी. व जाडी सुमारे २.४ मी.; तिन्ही कोनांवर ला कॉन्सेप्सिओन, सान मिगेल व इग्नासिओ दे लोयोला हे बुरूज. दोन बाजू समुद्राकडे व एक शहराकडे अशी त्याची मूळ मांडणी होती; भरावामुळे समुद्र आता मागे सरला आहे. लेगास्पीने १५६५ मध्ये येथे लाकडी मेढेकोट उभारला, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो दगडी बांधकामाच्या काळाविषयी. एक मत ते सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नेते व दक्षिणेकडील मोरो (मुस्लिम) लोकांच्या हल्ल्यांशी जोडते. मार्गदर्शक पुस्तिकांत १७३८ हे साल छापलेले असते. या सालाचा उगम बहुधा गव्हर्नर फेर्नांदो वाल्देस तामोन याने १७३८-३९ मध्ये राजासाठी तयार करविलेल्या किल्ल्यांच्या अहवालात असावा. अहवालात किल्ला दगडचुन्याचा, तोफा चढवलेला असा वर्णिला आहे. म्हणजे त्या वेळी तो उभा होता, एवढे सिद्ध होते; त्याच वर्षी तो बांधला, असे त्यावरून निघत नाही. तेव्हा १७३८ हे साल बांधकामाचे न मानता ‘त्यापूर्वी’ अशी उत्तरमर्यादा म्हणून घेणे बरे. नंतर दुरुस्त्याही होत राहिल्या. आज दिसणाऱ्या तटात किती दगड जुने, हे पाहून सांगणे अवघड आहे. १८९८ मध्ये स्पॅनिशांनी किल्ला क्रांतिकारकांच्या हाती दिला. अमेरिकन अमदानीत तेथे बराकी होत्या. पुढे शाळा, युद्धकाळात रुग्णालय व युद्धोत्तर काळात काही काळ चक्क प्राणिसंग्रहालय, असे त्याचे उपयोग बदलत गेले. समोरच्या प्लासा इंडिपेन्डेन्सियातील उत्खननात स्पॅनिशपूर्व दफने व चिनी, थाई, व्हिएतनामी मृत्पात्रे मिळाली आहेत. हुमाबोनच्या काळाचा इतका थेट पुरावा शहरातील कोणत्याही इमारतीत नाही.

पारियान : चिनी व चिनी-मिश्र व्यापाऱ्यांची जुनी पेठ. तिचे चर्च एकोणिसाव्या शतकात पाडण्यात आले. परिसरात आता शिल्पकार एदुआर्दो कास्त्रिल्यो याचे ‘हेरिटेज ऑफ सेबू’ हे भव्य शिल्प (२०००) आहे. याप-सानदिएगो घर सतराव्या शतकाच्या अखेरीचे सांगतात. त्याचे प्रवाळी दगड अंड्यातील पांढऱ्या भागाने सांधल्याचे मार्गदर्शक आवर्जून ऐकवतात. घराच्या कालनिश्चितीचा आधार मुख्यतः कौटुंबिक परंपरा हाच आहे. त्या मानाने जेझुइट (एक कॅथलिक धर्मसंघ) घराचे साल निःसंदिग्ध आहे, कारण भिंतीवरच ‘१७३०’ कोरलेले आहे. जेझुइटांच्या हकालपट्टीनंतर (१७६८) घर खाजगी हाती गेले व अलीकडे ते लोखंडी सामानाच्या गोदामाच्या आत सापडते. गोदामाने उन्हापावसापासून त्याचे रक्षणच केले म्हणावे लागेल. कासा गोरोर्दो हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे घर. खाली दगडी तळमजला, वर लाकडी माडी, कौलारू छप्पर व शिंपल्यांच्या तावदानांच्या सरकत्या खिडक्या, ही ‘बहाय ना बातो’ (दगडी घर) पद्धत येथे सर्वांत नीट पाहायला मिळते. सेबूचे पहिले फिलिपिनो बिशप हुआन गोरोर्दो याच कुटुंबातले. घर १९८३ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे.

इतर संग्रहालये : म्युझिओ सुग्बो हे प्रांतिक संग्रहालय १८७० च्या सुमारास बांधलेल्या तुरुंगात आहे. तुरुंग २००४ मध्ये कालुनासानला हलला (तेथील कैद्यांच्या सामूहिक नृत्याची चित्रफीत पुढे जगभर पाहिली गेली) व २००८ मध्ये संग्रहालय उघडले. १९१० ची जकात-कचेरी विल्यम पार्सन्स या वास्तुकाराची. तीत २०२३ पासून राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा आहे. कॅथीड्रल संग्रहालयात धार्मिक वस्तू आहेत. सान कार्लोस विद्यापीठाच्या संग्रहालयात पुरातत्त्वीय व निसर्गेतिहासाचा संग्रह आहे. विद्यापीठ आपली स्थापना १५९५ ची सांगते. त्या वर्षी निघालेली जेझुइट शाळा १७६९ मध्ये बंद पडली व १७८३ मध्ये दुसऱ्या नावाने सेमिनरी (पाद्री घडविणारी शाळा) निघाली. हे सातत्य सर्वांना मान्य नाही.

मॅक्टन : स्थानिक प्रमुख लापुलापूच्या माणसांनी २७ एप्रिल १५२१ रोजी मॅगेलनला मारले, ते हे बेट. येथे मॅगेलनचा मनोरा (१८६६) व लापुलापूचा ब्राँझचा पुतळा एकाच आवारात आहेत. दोन सरकारी फलकांपैकी १९४१ चा ‘येथे मॅगेलन मरण पावला’ या अंगाने लिहिला आहे, तर स्वातंत्र्योत्तर १९५१ चा लापुलापूने परकीय आक्रमण परतवले, असे सांगतो.

बॅसिलिका व क्रूस पाहण्यास शुल्क नाही. किल्ला व घरांना प्रवेशशुल्क असते. ‘गाबिई सा काबिलिन’ (वारशाची रात्र) या मे महिन्यातील उपक्रमात, २००७ पासून, एकाच तिकिटावर अनेक संग्रहालये मध्यरात्रीपर्यंत उघडी ठेवतात व लोक तार्तानिल्या या टांग्यांतून फिरतात. जानेवारीत मात्र उत्सवाच्या गर्दीमुळे जुन्या भागातील वाहतूक बंद ठेवावी लागते.